लठ्ठ मुलाला उपदेश नव्हे, उपचार हवा

हिंगोली जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या एखाद्या बैठकीत मुलांच्या लठ्ठपणाचा विषय निघाला, तर पहिली प्रतिक्रिया हसण्याची असते. हा विषय पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू वस्त्यांचा. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, जेथे अंगणवाडीच्या वजनकाट्यावर कमी भरणाऱ्या मुलांची काळजी अजून संपलेली नाही, तेथे जाड मुलांची चिंता वाहणे ही चैन होय, असे मानले जाते. या हसण्यामागे गरिबांविषयीची खरी आस्था आहे. परंतु ती आस्था जुन्या माहितीवर उभी आहे. हिंगोलीचा प्रश्न आजही भुकेचाच आहे. मात्र भुकेने आपले रूप पालटले आहे, आणि या नव्या रूपात ती कोणाला ओळखू येत नसल्याने तिच्या तावडीत सापडलेले मूल वर्गात, घरात आणि दवाखान्यातही थट्टेचा विषय होऊन बसले आहे.

आकड्यांकडे पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. युनिसेफने सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील ५ ते १९ वयोगटात लठ्ठ मुलांचे प्रमाण ९.४ टक्के झाले असून कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण ९.२ टक्के आहे. लठ्ठ मुलांनी कृश मुलांना मागे टाकावे, असे पहिल्यांदाच घडले. भारत अद्याप त्या टप्प्यावर नाही. परंतु दिशा तीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते; २०१९-२१ मध्ये ते ४.१ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक झाले. याच दुसऱ्या पाहणीत राज्यातील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. एक संकट गेले आणि दुसरे आले, असे झालेले नाही. पहिले ठाण मांडून बसले असतानाच दुसऱ्याने घरात पाऊल टाकले आहे.

त्याहून अधिक अस्वस्थ करणारा आकडा २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीचा आहे. देशातील किशोरवयीनांपैकी २४ टक्के कृश होते, तर ५ टक्के जादा वजनाचे. परंतु रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोहोचलेल्यांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. जादा वजनाच्या मुलांच्या दुप्पट मुले या उंबरठ्यावर उभी आहेत, याचा अर्थ त्यांतील अनेक मुले दिसायला जाड नाहीतच. अन्नाचा हा रोग वजनकाट्याला दिसण्याआधीच रक्तात शिरलेला असतो.

एकाच भुकेची दोन रूपे

हे कसे घडते याचा शोध महाराष्ट्राच्याच खेड्यांत लागला, हे येथील कार्यकर्त्यांना ठाऊक असावयास हवे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा, त्यांच्या गर्भारपणाचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या या स्त्रियांची बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन शहरातील बाळे साडेतीन किलोची. भारतीय बाळ स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी लहान होते. परंतु पाठीच्या कातडीखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. वरून हाडकुळे दिसणारे बाळ आतून चरबी जपून होते. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःच्याच देहांची तुलना मांडली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे होते. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के निघाली.

दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांचा तिशीपर्यंत पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाने दुसरा दुवा जोडला. तरुणपणीच ज्यांची साखर बिघडली ते दोन वर्षांचे असताना कृश होते आणि त्यानंतर त्यांचे वजन उंचीच्या मानाने भराभर वाढत गेले होते. बाराव्या वर्षीदेखील ते रूढ अर्थाने लठ्ठ नव्हते. पहिल्या दोन वर्षांतील उपासमार आणि नंतरचे स्वस्त, निकस पोटभरण या दोहोंच्या मेळातून रोग निपजतो, असा याचा निष्कर्ष आहे.

हिंगोलीच्या दृष्टीने या संशोधनाचा अर्थ सरळ आहे. आज कमी वजनाचे म्हणून अंगणवाडीच्या वहीत नोंदले गेलेले मूल आणि दहा वर्षांनी पोट सुटलेला, जिना चढताना धापा टाकणारा मुलगा ही दोन वेगवेगळ्या वर्गांतील मुले नाहीत. पुष्कळदा ते एकच मूल असते. ‘गुटगुटीत’ हा शब्द मराठीत कौतुकाचा आहे. सुदृढ बालक स्पर्धेत बक्षीस वजनदार बाळालाच मिळावे, अशी प्रेक्षकांची अपेक्षा असते. ज्या घराने भूक पाहिली आहे त्या घरातील आजीला नातवाच्या अंगावरचे मांस म्हणजे दैव उजळल्याची खूण वाटते. तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिने दुष्काळ पाहिला आहे. परंतु नातवाच्या अंगावर चढते आहे ते बाळसे नव्हे, हे तिला समजावून सांगण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी ती टाळली आहे.

शेतात पिकते ते ताटात नाही

या निकस पोटभरणाचा उगम मुलाच्या जिभेत नाही. तो शेतात आणि बाजारात आहे. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांतील खरिपाचे शिवार आज प्रामुख्याने सोयाबीनचे आहे. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. हे धान्य तेलगाळपाच्या कारखान्यात जाते, त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते वा निर्यात होते. ज्या शिवाराने एवढी प्रथिने पिकवली त्या शिवारातील मुलाच्या हाती मात्र पाच रुपयांचे चुरचुरीत पाकीट येते, आणि ते बहुधा तळलेले असते इंडोनेशिया वा मलेशियातून आलेल्या पामतेलात. सोयाबीनने खरिपाची ज्वारी, मूग आणि उडीद मागे रेटले. करडई मराठवाड्याच्या रानातून जवळजवळ हद्दपार झाली. स्वस्त धान्य दुकानातून गहू-तांदूळ मोफत मिळतो ही मोठी गोष्ट आहे. पण त्याच दुकानातून डाळ आणि तेल त्या नेमाने मिळत नाही. भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि ताक हे गरिबाचे ताट होते. आता त्यात भाताचा ढीग आणि वर पातळ आमटी उरली आहे. पोट भरते, शरीराची बांधणी होत नाही.

घरचे मोठे माणूस उसाच्या फडावर आणि मूल आजीपाशी, अशी स्थिती असली म्हणजे रडणे थांबवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय पाकीट हाच ठरतो. पाच रुपयांत दूध मिळत नाही, अंडे मिळत नाही, फळ मिळत नाही. पाकीट मिळते, आणि ते आडवळणाच्या वस्तीपर्यंतही पोहोचलेले असते. केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालानेच नमूद केले आहे की कारखान्यात अतिप्रक्रिया झालेल्या खाद्यपदार्थांची देशातील उलाढाल २००६ मधील ९० कोटी डॉलरवरून २०१९ मध्ये सुमारे ३,७९० कोटी डॉलरवर गेली. एवढ्या बलाढ्य व्यापाराशी नऊ वर्षांच्या मुलाने एकट्याने, केवळ मनोनिग्रहाच्या बळावर लढावे, अशी अपेक्षा समाज करतो आणि ते हरले म्हणजे त्याला ‘खादाड’ म्हणून मोकळा होतो.

उपचार कशाला म्हणावे

वैद्यकशास्त्राने ही अपेक्षा केव्हाच सोडून दिली आहे. वजन घटू लागले की शरीर ते आक्रमण समजून भूक वाढवते आणि ऊर्जेचा खर्च कमी करते. ही इच्छेची नव्हे, संप्रेरकांची क्रिया आहे. म्हणूनच लठ्ठपणाकडे दीर्घकाळ चालणारा आजार म्हणून पाहावे, हे आता बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी स्वीकारले आहे. ‘मोठे झाले की आपोआप झडेल’ म्हणून वाट पाहत बसू नये, असे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ अकादमीने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. भारतीय बालरोगतज्ज्ञ अकादमीनेही २०२३ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वे नव्याने मांडली.

उपचाराचा आरंभ मोजमापाने होतो. मुलाच्या बाबतीत एकच एक आकडा चालत नाही. वय आणि लिंग पाहून आलेखावर उंची-वजनाची जागा ठरवावी लागते. भारतीय मुलांसाठीचे स्वतंत्र आलेख २०१५ पासून उपलब्ध आहेत. भारतीय देहात चरबी लवकर साठत असल्याने त्यांत धोक्याच्या रेषा पाश्चात्त्य आलेखांपेक्षा खाली आखल्या आहेत: प्रौढांच्या भाषेत सांगायचे तर २५ आणि ३० ऐवजी २३ आणि २७. साधी फीतही पुष्कळ सांगते. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक असला तर मुलाला तपासणीस न्यावे. मानेच्या घडीवर काळसर, मखमलीसारखा जाड थर दिसतो, तो मळ समजून आई दगडाने घासत राहते. वास्तविक इन्सुलिन आपले काम नीट करीत नसल्याची ती खूण असते. झोपेतील जोराचे घोरणे, मुलीची अनियमित पाळी, गुडघ्याची वा खुब्याची कुरकुर या तक्रारींची संगती याच आजाराशी लावून पाहावी लागते. रक्तदाब, साखर आणि यकृत यांची तपासणी त्यापुढची. ‘थायरॉइड असेल’ या समजुतीने पालक पैसे घालवतात. परंतु अशा ग्रंथींच्या विकारांत मुलाची उंची सहसा खुंटते, आणि बहुसंख्य लठ्ठ मुले तर वयाच्या मानाने उंचच असतात.

यापुढील उपचार दिसायला साधा आहे आणि म्हणूनच तो कोणी गंभीरपणे देत नाही. वाढत्या वयाच्या लहान मुलाचे वजन घटवावेच लागते असे नाही. ते आहे तेथे रोखून धरले तरी वाढती उंची उरलेले काम करते. मुलाला उपाशी ठेवायचे नसते, त्याचे ताट वेगळे काढायचे नसते. घराचेच ताट बदलायचे असते. रोज तासभर घाम येईल असा खेळ, पुरेशी झोप, पडद्यासमोरचा वेळ कमी, गोड पेये बंद, डाळ-भाजी-अंड्याचे प्रमाण जास्त. हे एकदा सांगून होत नाही. अमेरिकन तज्ज्ञांच्या मते असा उपचार परिणामकारक ठरायचा तर तीन महिने ते एक वर्ष या काळात किमान २६ तास कुटुंबासमवेत प्रत्यक्ष घालवावे लागतात. आठवड्याला अर्धा तास धरला तरी वर्षात हे २६ तास भरतात. सरकारी बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत दोन मिनिटे मिळतात आणि त्या दोन मिनिटांत डॉक्टर म्हणतात, ‘याचे खाणे कमी करा.’ या वाक्याला उपचार म्हणत नाहीत.

सुई आणि मजुरी

अलीकडे लठ्ठपणावरील इंजेक्शनांचा गाजावाजा सुरू आहे. त्यांचा गुण खोटा नाही. १२ ते १७ वयाच्या मुलामुलींना ६८ आठवडे सेमाग्लुटाइड दिले असता त्यांचा वजन-उंचीचा निर्देशांक सरासरी १६.१ टक्क्यांनी घटला, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. औषध थांबले की वजन परत येऊ लागते, हेही तितकेच खरे. भारतात मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड हे इंजेक्शन प्रौढांसाठी बाजारात आले तेव्हा त्याच्या पाच मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ४,३७५ रुपये होती आणि आठवड्याला एक कुपी लागते. महिन्याचे झाले १७,५०० रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाला ३१२ रुपये मजुरी होती. म्हणजे एका महिन्याच्या औषधासाठी छप्पन्न दिवसांची मजुरी! सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. देशी कंपन्यांच्या स्पर्धेने भाव उतरतील. परंतु उतरलेल्या भावातही जन्मभर सुई टोचून घेणे शेतमजुराच्या मुलाला परवडेल, असे कोणी म्हणणार नाही.

शहरातील श्रीमंत मुलाला आहारतज्ज्ञ, पोहण्याचा तलाव आणि गरज पडली तर सुई. हिंगोलीच्या मुलाला चिडवण्याचे नाव आणि उपदेश. आजार एक आणि उपचार दोन, ही विषमता सहन करण्याचे कारण नाही.

सरकारचे बोलणे आणि वागणे

या प्रश्नावर सरकार गप्प आहे असे म्हणता येणार नाही. पंतप्रधानांनी २३ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘मन की बात’मध्ये लठ्ठपणाचा उल्लेख करून स्वयंपाकातील तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. आवाहन वाईट नव्हे. परंतु त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून बिस्किटे, चॉकलेट, नूडल्स आणि पाकीटबंद फरसाण यांवरील वस्तू व सेवा कर १२ वा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. साखरेच्या फसफसत्या पेयांना ४० टक्क्यांच्या गटात ठेवले, एवढाच काय तो विवेक. गृहिणीला तेल मोजून वापरण्यास सांगायचे आणि कारखान्याच्या तेलात तळलेल्या पाकिटाला करसवलत द्यायची, ही दोन्ही कामे एकाच सरकारने केली.

महाराष्ट्राने काही वेगळे केले नाही. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याची योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवून अंड्याची सोय लोकवर्गणीतून करावी, असे शाळांना सांगण्यात आले. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात ही वर्गणी कोणाकडून गोळा करावयाची, हे सांगितले गेले नाही. शाळेच्या आवारात आणि ५० मीटरच्या परिसरात अतिचरबी, अतिसाखर व अतिमीठ असलेले पदार्थ विकण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी मनाई आहे. परंतु शाळेच्या फाटकाबाहेर पाकिटांच्या माळा लटकतच असतात. टपरीवाल्याला दंड करून हा प्रश्न सुटणार नाही. तो पाच रुपयांमागे काही पैसे मिळवणारा गरीब माणूस आहे. चिलीने २०१६ मध्ये पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापणे कंपन्यांना भाग पाडले आणि मुलांना भुलवणाऱ्या जाहिरातींना लगाम घातला. जबाबदारी जेथे नफा होतो तेथेच टाकली पाहिजे.

जिल्ह्यात करण्यासारखे काम

तथापि दिल्ली आणि मुंबईकडे बोट दाखवून जिल्ह्यातील काम संपत नाही. हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा जिल्हा झाला आणि २०२४ मध्ये येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. या महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस मुलांच्या वाढीचा स्वतंत्र कक्ष भरावा, ही मागणी अवास्तव नाही. कृश आणि लठ्ठ मुले एकाच कक्षात, एकाच आलेखावर तपासली जावीत. ‘जाड्यांचा दवाखाना’ अशी पाटी लागली तर तेथे कोणतेही मूल पाऊल ठेवणार नाही. बालरोगतज्ज्ञ, आहाराचे समुपदेशन करणारी एक व्यक्ती, आलेख, फीत आणि साखर-यकृताची तपासणी, एवढ्यावर काम सुरू होते. यात कोट्यवधींचे यंत्र नाही.

दुसरी मागणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमासंबंधी. २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे या कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याची फिरती पथके शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा मुले तपासतात. परंतु ज्या ३० स्थिती हुडकण्यासाठी हा कार्यक्रम आखला गेला त्या यादीत तीव्र कुपोषण आहे, लठ्ठपणा नाही. उंची-वजन घेतले जाते आणि जादा वजनाचे मूल ‘ठीक’ म्हणून वर्गात परत पाठवले जाते. हा रकाना भरला पाहिजे आणि त्यापुढे मुलाला कोठे पाठवायचे हेही ठरले पाहिजे. तिसरी मागणी अंड्याची: ती सरकारी निधीतून, वर्गणीतून नव्हे, जे अंडे खात नाहीत त्यांना शेंगदाणे वा दूध. चौथी मैदानाची. मुलगी वयात आली की तिचे मैदान बंद होते; शाळा सुटल्यावर एक तास फक्त मुलींसाठी राखून ठेवण्यास कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही, गावातील चार समजूतदार माणसे पुरतात.

येथे एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. औषधाच्या गोळ्या नाहीत, डॉक्टरांच्या जागा भरलेल्या नाहीत, मेळघाटात आणि इतरत्र मुले दगावल्याच्या बातम्या येतात. मग आधी उपाशी मुलाचे पाहावे आणि नंतर लठ्ठ मुलाचे, असा क्रम का लावू नये? उत्तर एवढेच की हा क्रम लावताच येत नाही. गरोदर स्त्रीला नीट आहार आणि विश्रांती, पहिल्या दोन वर्षांत स्तनपान व पूरक आहार, शाळेत अंडे, स्वस्त धान्य दुकानात डाळ: कृश मुलाला वाचवणारे हे उपायच लठ्ठपणाचा पाया खणून काढतात. उपाशी मुलाला नुसता भात आणि गोड बिस्किटे देऊन त्याचे वजन भरून काढले, तर एक रोग मिटवून दुसरा पेरल्यासारखे होते. दोन्ही मुलांचा लढा एकच आहे; केवळ शासनाच्या वह्या दोन आहेत.

राहिला प्रश्न कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या जिभेचा. शिबिरांत, मिरवणुकीत, पथनाट्यांत सावकार आणि भांडवलदार हा ढेरपोट्याच दाखवायचा, ही चळवळीची जुनी सवय आहे. एकेकाळी पोट हे संपत्तीचे चिन्ह होते तेव्हा ती चालून गेली. आज त्या प्रेक्षकांत मागच्या रांगेत बसलेले, पामतेलाच्या पाकिटावर वाढलेले एखादे शेतमजुराचे मूल तो विनोद ऐकून खाली मान घालत असेल. ते मूल शोषकाच्या बाजूचे नाही. त्याच्या अंगावर चढलेली चरबी त्याने कोणाचे लुबाडून कमावलेली नाही. त्याच्या आईच्या उपासाची, शिवारातून गेलेल्या डाळीची आणि दारात आलेल्या पाकिटाची ती एकत्रित नोंद आहे. ती नोंद वाचता येणे ही उपचाराची पहिली पायरी, आणि त्या मुलाला हसणे थांबवणे ही त्याच्याही आधीची.